आतून वाळलं का

धुतलेली कुठलीही पोकळ वस्तू हातात आली की ते आधी ती कानाशी न्यायचे. मान जराशी तिरकी, डोळे अर्धवट मिटलेले, आणि ती वस्तू हळूच दोनदा हलवायची. पाण्याची बाटली, चहाचा थर्मास, मंडळाच्या कार्यक्रमातले जग, एकदा तर माझ्या भाचीची बासरी. आत एखादा थेंब राहिला आहे का, ते ऐकत असायचे. मग निकाल. तो बहुतेक वेळा एकच असे.

"आतून ओलं आहे. बाहेरून काय, सगळंच वाळलेलं दिसतं."

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. कुलूप तीनदा ओढून बघणारं, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येणारं. आपण अशा माणसांना हसतो आणि हसण्यापलीकडे त्यांचा फारसा विचार करत नाही. आमच्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात त्यांना 'ओले काका' म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं होतं. तेव्हा मला माझ्या विनोदबुद्धीचं कौतुक वाटलं होतं, आज ते सांगताना लाज वाटते.

ते माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहायचे. मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षांपूर्वी मिशिगनला आले आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात धातूची तपासणी करण्यात सगळी नोकरी घालवली. मी इथे राहायला आले तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि काकू वारल्या होत्या. मुलगी इथेच जन्मलेली, ती टेक्सासात प्लेनोला.

पहिल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे कढीलिंब मागायला गेले. थंडीत ते झाड बेसमेंटमध्ये दिव्याखाली ठेवलेलं असायचं, म्हणून ते मला खाली घेऊन गेले. खाली लांबलचक टेबलावर पांढरे पंचे अंथरले होते आणि त्यांवर पितळेच्या बोटभर पुंगळ्या ओळीनं मांडल्या होत्या. इतक्या लखलखीत की मला वाटलं, काहीतरी पूजेचं असणार. मी एक उचलून बघितली.

"हात धू," ते म्हणाले. "साबणानं. बंदुकीचं काडतूस आहे ते."

ती पुंगळी माझ्या हातातून पडलीच. बंदूक या वस्तूची मला चीड आहे. आमच्या घरात पिचकारीसुद्धा बंदुकीच्या आकाराची आणू दिली नाही मी. पण कढीलिंब तोडून होईपर्यंत त्यांनी मला सगळं शिकवून टाकलं. गोळी सुटून जाते, पितळेची पुंगळी मागे राहते. हौशी नेमबाज ती जमा करतात, साफ करतात आणि नवी दारू आणि नवी गोळी भरून पुन्हा वापरतात. साफ करणं हाच खरा उद्योग. आधी मागची जळकी टिकली ठोकून काढायची. मग गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून ते सगळं स्टीलच्या बारीक काड्यांबरोबर एका गरगर फिरणाऱ्या डब्यात तीन तास घोळवायचं. मग चार पाण्यांनी धुवायचं. आणि मग वाळवायचं. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

मी विचारलं, काका, तुम्ही शिकारीला जाता की काय? तर म्हणाले, मी अंड्यालाही हात लावत नाही. मग हे कशासाठी?

"धुतो. वाळवतो."

"आणि मग?"

"मग बघतो, वाळलं का."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

पुढे माझं जाणंयेणं वाढलं. काकांचा स्वयंपाक यथातथाच, त्यामुळे मी डबा न्यायची आणि ते रिकामा डबा दुसऱ्या दिवशी परत करायचे, अर्थात कानाशी हलवून. महिन्यातून एकदा तरी खाली ते यंत्र घरघरत असायचं. कपडे वाळवायच्या यंत्राचा आवाज वेगळा आणि याचा वेगळा, मला आता बाहेरूनच कळायचं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की एका पुंगळीच्या तोंडाला बारीकसा पोचा आहे आणि तो पोचा मी आधीही पाहिला आहे. नीट बघितलं. सगळ्या त्याच होत्या. कॉफीच्या एका जुन्या लाल डब्यातून दर महिन्याला त्याच दोनशे पुंगळ्या बाहेर यायच्या, धुतल्या जायच्या, वाळायच्या, एकेक करून कानाशी जायच्या आणि परत डब्यात. डब्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असायची. कारखान्यातली सवय. माल तपासला की शेरा लिहायचा.

मी म्हटलं, काका, मागच्या महिन्यातल्याच या, तेव्हाच तर वाळल्या होत्या.

"तुला काय माहीत?" ते म्हणाले.

इतक्या वर्षांत ते माझ्यावर चिडले असतील तर ते एवढंच.

त्या डब्याचा मालक वर्षातून दोनदा यायचा, वसंतात आणि मग ऑक्टोबरमध्ये, हरणांच्या शिकारीचे दिवस जवळ आले की. डेल त्याचं नाव. काकांच्याच कारखान्यात अवजारं बनवणारा. दाराएवढा माणूस, पण गुडघे गेलेले, म्हणून बेसमेंटच्या जिन्यावरच बसायचा. चिवडा उजव्या हातानं खायचा आणि डावा हात जॅकेटच्या खिशात. तो विचारायचा, "ड्राय?" काका मान हलवायचे, "नॉट येट." मग डेल चिवडा संपवायचा, इकडचं तिकडचं बोलायचा आणि जायचा. दुसऱ्या वर्षी एकदा उठताना त्याचा तोल गेला, त्यानं कठडा धरला आणि मला त्याचा डावा हात दिसला. त्याला दोन बोटं नव्हती.

तो गेल्यावर, त्याच दुपारी, काकांनी मला सांगितलं. पंच्याची घडी करता करता, माझ्याकडे न बघता.

काकू गेल्यावर काकांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं. डेलनं त्यांना ओढून आपल्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही, पण काडतुसं भरण्यात त्यांचा जीव रमला. मोजमाप, वजन, तपासणी, म्हणजे सगळा त्यांचाच प्रांत. डेल सगळ्यांना सांगायचा की माझी काडतुसं माझा मित्र भरतो आणि दुकानातली त्यापुढे काहीच नाहीत. एका सप्टेंबरमध्ये काकांनी पुंगळ्या धुतल्या आणि घरामागच्या लाकडी डेकवर उन्हात वाळत घातल्या. काकूंची वाळवणाची चादर होती, सांडगे आणि कुरडया घालायची, तीच अंथरली. तीन तास ठेवल्या. संध्याकाळी हात लावला तर छान गरम लागल्या. गरम म्हणजे वाळलेल्या, असं धरून त्यांनी दारू भरली.

त्यातल्या एका पुंगळीत तळाशी ओल राहिली होती. क्लबात डेलनं चाप ओढला तेव्हा ओली दारू नीट पेटली नाही आणि गोळी बाहेर न पडता नळीतच अडकली. त्यानं पुढचं काडतूस भरून पुन्हा चाप ओढला. पुढे नळी बंद, मागून दुसरी गोळी. नळी त्याच्या डाव्या हाताशी फुटली. काका त्याच्या मागे बाकावर बसून थर्मासमधला चहा ओतत होते.

"चाळीस वर्षं इथे राहून राहिलो, बाई," ते म्हणाले. "चाळीस वर्षं इथलं ऊन अंगावर घेतलं. आणि हिशोब केला तो नागपूरच्या उन्हाचा."

आपण सगळेच असे हिशोब करतो. किती पाण्यात भात शिजेल, किती वेळात दही लागेल, हात अजून तिकडचंच मोजतो. पण त्यानं फार तर दही बिघडतं.

डेलनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. हात बरा झाल्यावर तो स्वतः लाल डबा घेऊन आला. त्याच धुण्यातल्या उरलेल्या पुंगळ्या. त्यांतली जुनी दारू त्यानं काढून टाकली होती. म्हणाला, या पुन्हा साफ कर, पुन्हा भर, मी तूच भरलेल्या घेऊन शिकारीला जाईन, नाही तर जाणारच नाही. काकांनी डबा ठेवून घेतला. वाळल्या की भरतो म्हणाले. तेव्हापासून डेल शिकारीला गेला नव्हता आणि पुंगळ्या वाळल्या नव्हत्या.

मी इंजिनियर आहे, मी उपाय सुचवला. काका, तुमच्याकडे इतका बारीक काटा आहे, ओल असेल तर वजनात दिसेल. ते हसले. वजन ते दर वेळी करायचेच. काट्याच्या हिशोबानं सगळं वाळलेलं होतं. "पण त्या दिवशी मी काट्याला कुठे विचारलं होतं?" म्हणाले आणि पुढची पुंगळी कानाशी नेली. त्या बेसमेंटमध्ये मग मला उभं राहवेना. दोनशे पुंगळ्या तोंडं वर करून उभ्या असायच्या आणि त्यांच्यासमोर हा म्हातारा माणूस कान लावून बसलेला. त्यांना त्यात काय ऐकू येत होतं, ते विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले. हॉस्पिटलमध्ये मी पाण्याची बाटली भरून नेली, तर सलाईन लावलेल्या हातानं त्यांनी ती कानाशी नेली. अख्खी भरलेली बाटली. मग माझ्याकडे देऊन म्हणाले, "डेल आला तर सांगशील. अजून थोडं आहे म्हणावं." चार दिवसांनी ते गेले.

मुलगी प्लेनोहून आली. तिनं घर आवरलं, कपडे दिले, भिंतीवरचे फोटो काढून घेतले. फक्त बेसमेंटच्या दारात थांबली. "मावशी, खालचं तू हँडल करशील? आय कान्ट," म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात देऊन गेली.

मी खाली गेले ती भर दुपारी. कढीलिंब वाळून काडी झाला होता. लाल डबा टेबलावर, झाकण लावलेला. दोऱ्याला चिठ्ठी, काकांच्या कोरीव अक्षरात: 'आतून ओले. परत.' मी दोनशेच्या दोनशे पुंगळ्या बाहेर काढल्या आणि एकेक कानाशी धरून हलवली. बंदुकीची चीड असणारी मी. एकीतही काही वाजलं नाही.

एप्रिलमध्ये डेल आला, मी त्याला काकांचं घर उघडून दिलं. जिन्यावर बसला, चिवडा नव्हता म्हणून दोन्ही हात मांडीवर. डब्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, त्या चिठ्ठीवर काय लिहिलं आहे?

त्याला मराठी वाचता येत नव्हतं. काकांनी दिलेला निरोप माझ्या ओठांवर होता. मी त्या माणसाच्या हाताकडे बघितलं आणि म्हटलं, "ड्राय. वाळलं, असं लिहिलं आहे."

त्याचे खांदे खाली आले. मग सावकाश बोलू लागला. म्हणाला, बरं झालं, तो सुटला, आता मला सांगता येईल. त्या दिवशीचा तो आवाज मी ऐकला होता. नेहमीचा बार नव्हता, नुसती फुस्स. खांद्याला धक्काही बसला नाही. पन्नास वर्षं बंदूक चालवतो आहे, त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. थांबायचं, बंदूक उघडायची, नळीतून आरपार बघायचं. एका मिनिटाचं काम. मला त्याचा कंटाळा आला.

"मी त्याला सांगितलं, कानांवर आवाज अडवणारे मफ होते, काही ऐकू आलं नाही," डेल म्हणाला. "दर वेळी इथे यायचो ते खरं काय ते सांगायला. तो म्हणायचा, अजून ओलं आहे. आणि मी घरी जायचो."

चिठ्ठीवर खरं काय लिहिलं आहे, हे आता त्याला सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता. आणि डेलचं हे बोलणं ज्याला सांगण्यात अर्थ होता, तो माणूस दर महिन्याला दोनशे पुंगळ्या कानाशी लावून निघून गेला होता. एकानं एक वाक्य बोलायला हवं होतं, ते बोललं गेलं नाही. मला डेलचा राग आला आणि तेवढीच त्याची कीवही आली. मी त्याला चहा करून दिला.

डबा त्यानं नेला नाही. त्यानं वाळलं म्हटलं ना, मग मला पुरे, म्हणाला आणि कठडा धरून जिना चढून गेला.

घर विकलं गेलं, तिथे आता दुसरे लोक राहतात. लाल डबा माझ्या बेसमेंटमध्ये आहे. मंडळात कुणी 'ओले काका' म्हणून आठवण काढली की मी उठून आत जाते. डब्याची ती चिठ्ठी सोडवून टाकावी असं अनेकदा मनात येतं. परवा त्यासाठीच खाली गेले होते. झाकण उघडलं, एक पुंगळी काढली, कानाशी नेऊन दोनदा हलवली. काही वाजलं नाही. मी ती पंच्यावर ठेवली आणि दुसरी उचलली.