फॉर्मवरची टिक
परवा दुपारी खालच्या घरात कुणीतरी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली आणि घशात अडकणारा तो वास जिन्यातून थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. कोपरला आमच्या जुन्या घरी दर रविवारी हाच वास असायचा. आईची मशेरी मीच भाजायचे, कुटून डबीत भरायचे. रोज सकाळी ती बोटाने दातांना लावून आई चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहायची. अशाच एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये दात तपासायचा कॅम्प होता. आईला साधी आमटीसुद्धा झोंबायला लागलेली, म्हणून तिला ओढतच नेलेलं. फॉर्म भरताना मी वाचून दाखवलं, "तंबाखू खाता का?" आई फणकारली, "मी? आपल्या घरात कुणी खातं का गं?" मी हसले आणि मशेरी कुटून काळ्या झालेल्या बोटांनी 'नाही'वर टिक केली. मशेरी म्हणजे दात घासणं, ती कोण खातं! डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा बघितला, फॉर्म बघितला आणि म्हणाले, "दात गालाला टोचतोय, त्याची धार घासून देतो. चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही तर या." चट्टा गेला नाही, पण दुखतही नव्हता, म्हणून आम्ही परत गेलो नाही, आणि मी मशेरी भाजत राहिले. वर्षभराने कॅन्सरमुळे आईचा अर्धा जबडा काढला. आज ती पातळ पेज पिते आणि मला कधी दोष देत नाही; ती टिक मात्र माझ्याच हातची. परवा मी गॅस बंद केला आणि खाली जाऊन बेल वाजवली. दार विशीतल्या एका मुलीने उघडलं. तिची बोटं काळी होती.