हूटर वाजला तेव्हा चेंडू कुठे होता

तळवड्याच्या कंपनीत मी आणि इंदुताई एकाच लाइनवर उभ्या असतो. गाड्यांच्या वायरी जुळवून त्यांना टेप मारायचं काम. ताई चाकणजवळच्या गावच्या, शेतकऱ्याघरच्या. मी उदगीरची. जानेवारीत एक दिवस डबा खाताना ताई म्हणाल्या, "अनिता, शनिवारी सुट्टी टाक. मॅच बघाया जायचंय."

मला वाटलं क्रिकेट. निघालं बास्केटबॉल. आकुर्डीतल्या एका कॉलेजच्या मैदानावर कॉलेजांची स्पर्धा होती आणि त्या दिवशी मुलींची फायनल. एका बाजूला यजमान कॉलेज, दुसऱ्या बाजूला निगडीचा संघ. ताई कोर्टाच्या पांढऱ्या रेषेला लागून पहिल्या रांगेत बसल्या. एवढ्या जवळ की धावणाऱ्या पोरींचा घाम अंगावर उडावा. मॅच सुरू व्हायच्या आधीच त्या यजमान पोरींवर ओरडायला लागल्या.

"ताई, आपण निगडीच्या का?" मी विचारलं.

"आपून ह्यांच्या इरुद्ध," त्या म्हणाल्या.

कारण मला अर्धवट माहीत होतं, उरलेलं तिथंच कळलं. ताईंची लेक सृष्टी याच कॉलेजकडून खेळायची. दुसऱ्या वर्षाला तिचा गुडघा सुजला. कोच यशवंतराव सरांनी तिला बर्फ लावून लावून खेळवलं. एका मॅचमध्ये ती पडली, उठता येईना, तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "नाटकं बंद कर." ऑपरेशन झालं आणि खेळ सुटला तो सुटलाच. सर एकदाही घरी आले नाहीत. तेव्हापासून ताई दर वर्षी या स्पर्धेला यायच्या आणि समोर जो संघ असेल त्याच्यासाठी घसा फोडायच्या. तीन वर्षांत त्यांना खेळाचे सगळे नियम पाठ झाले होते. रेफरीच्या आधी त्यांच्या तोंडून फाउल निघायचा.

मागे कॉलेजची पोरं ढोल घेऊन बसली होती. त्यातला एक ओरडला, "ओ मावशी, हळू! कान गेले आमचे."

"तुजी मावशी न्हाई मी," ताई मान न वळवता म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचं लक्ष समोरच्या टेबलाकडे गेलं. तिथं गुण लिहिणारे आणि घड्याळ चालवणारे बसतात. घड्याळासमोर राखाडी टी-शर्ट घालून सृष्टी बसली होती. ताईंच्या हिशेबी ती त्या वेळी चिंचवडला कॉम्प्युटरच्या क्लासला होती. यशवंतराव सर टेबलाजवळून जाताना तिच्याशी काहीतरी बोलले आणि ती हसली.

ताई गप्प झाल्या. ढोल वाजत होते, निगडीच्या पोरीनं लांबून बास्केट टाकला, तरी ताईंचं तोंड उघडलं नाही. हाफटाइमला मात्र त्या तडक टेबलापाशी गेल्या. मी मागोमाग.

"क्लास हितं भरतो का तुजा?"

सृष्टीनं दचकून वर पाहिलं. "आई, इथं नको. मी परीक्षा दिलीय पंचांची. घड्याळावर बसायची पहिलीच फायनल आहे माझी."

"कुनी बशिवलं? त्येनं?"

"सरांनी नाव सुचवलं. पास मी झाले."

"ज्यानं तुजा पाय खाल्ला त्याच्या हातचं खातीस?"

"पाय माझा आहे," सृष्टी हळू आवाजात म्हणाली. "तुला राग धरायचा असेल तर धर. मला खेळाजवळ राहायचंय."

सर पुढे आले. "ताई, कृपया जागेवर बसा. नाहीतर बाहेर जावं लागेल."

"हात लावून दाखव," ताई म्हणाल्या. सरांनी हात लावला नाही. ताई परत जागेवर येऊन बसल्या, पण आता त्या मॅच बघत नव्हत्या. टेबलाकडे बघत होत्या.

शेवटच्या मिनिटाला यजमान एका गुणानं पुढे होते. चेंडू निगडीच्या कॅप्टनकडे. ती आमच्याच बाजूला, रेषेपासून दोन हातांवर आली, उडाली आणि चेंडू फेकला. वेळ संपल्याचा हूटर वाजला. चेंडू जाळीतून खाली पडला. निगडीच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ढोलाच्या दणक्यात हूटर नेमका कधी वाजला ते रेफरीलाही समजलं नव्हतं. हूटरच्या आधी चेंडू हातातून सुटलेला असला तर बास्केट धरतात, हातात असला तर नाही. रेफरी टेबलाकडे गेला. सृष्टी उभी राहिली. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं.

"चेंडू हातात होता," ती म्हणाली.

रेफरीनं दोन्ही हात हलवून बास्केट रद्द केला. यजमान जिंकले.

ताई उठून थेट कोर्टात शिरल्या. "चोर हाय ती! इकली गेली! माजीच पोरगी हाय, मी सांगती, चोर हाय!"

ढोल थांबले. निगडीच्या पोरी टेबलाभोवती जमल्या, मागून कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती सृष्टीच्या खांद्याला लागली. ती हलली नाही. तिनं गुणांचा कागद सहीसाठी रेफरीपुढे सरकवला. दोन शिपाई आले आणि ताईंना दंडाला धरून गेटबाहेर काढलं. मी त्यांची पिशवी आणि चपला घेऊन मागे धावले.

त्याच आठवड्यात सृष्टी निगडीला मैत्रिणींच्या खोलीवर राहायला गेली. ताई कामावर येत होत्या, कुणाशी बोलत नव्हत्या. दहा-बारा दिवसांनी कँटीनमध्ये चहा पिताना आपणहून म्हणाल्या, "चेंडू हातातच व्हता."

मी कप खाली ठेवला. "काय?"

"दोन हातांवर व्हती ती पोर. माज्या डोळ्यांपुढं. हूटर वाजला तवा चेंडू हातातच व्हता."

"मग तुम्ही चोर का म्हणालात?"

"निकाल त्या सराच्या बाजूनं गेला ना."

"ताई, ते तिला सांगा."

"सांगन."

सांगायला मे महिना उजाडला. निगडीत दुसरी एक स्पर्धा होती आणि घड्याळावर सृष्टी होती. ताई मलाही घेऊन गेल्या. पूर्ण मॅच तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मॅच संपल्यावर टेबलाजवळ गेल्या. सृष्टी वायर गुंडाळत होती.

"त्या दिशी तुजं बरूबर व्हतं," ताई म्हणाल्या. "मी बघितलं व्हतं."

सृष्टीचे हात थांबले. "बघितलं होतंस? आणि तरी म्हणालीस?"

"व्हय."

"मला वाटत होतं, तुला दिसलं नसेल. चार महिने मी स्वतःला तेच सांगत होते." तिनं वायर टेबलावर ठेवली. "चारशे लोकांत म्हणालीस ना? तिथंच येऊन सांग. जानेवारीत, फायनलला. सर असतील, ती पोरं असतील, त्यांच्यासमोर."

"त्या मानसाम्होरं? न्हाई."

"मग मला एकटीला सांगून काय उपयोग?"

सृष्टीनं वायर बॅगेत भरली, चेन लावली आणि लंगडत नाही असं दाखवत, पण थोडी लंगडतच, पायऱ्या उतरून गेली.

बसमध्ये मी म्हणाले, "ताई, एका वाक्याचं तर काम आहे. बोलून टाका."

"तुला न्हाई कळायचं," त्या म्हणाल्या. "त्येनं आदी नाटकं म्हनल्याची माफी मागावी. मग मी मागन."

पुढचा जानेवारी आला. ताईंनी सुट्टी टाकली नाही. फायनलच्या शनिवारी त्या पहिल्या शिफ्टला आल्या आणि ओव्हरटाइमही केला.