शिकेकाईच्या पाण्यातली रोझी

आज घरात शिकेकाई उकळली आणि त्या वासाबरोबर दहिवलीच्या आमच्या घराची मोरी आठवली.

रोझी ल्हासा जातीची, मांजराएवढी कुत्री. बाबा ज्या बंगल्याची राखण करायचे, तिथल्या मुंबईच्या शेठनी ती "महिनाभर सांभाळा" म्हणून आमच्याकडे ठेवली आणि पुन्हा आलेच नाहीत. जमिनीला टेकणारे सोनेरी केस, डोळ्यांवर झिपऱ्या. आमच्या भाकरीला ती तोंड लावायची नाही. आई म्हणायची, "शेठच्या घरचं खाल्लेलं हाय, अंग बघ केवढं हाय. भूक लागली का खाईल." आम्हालाही ती गुबगुबीतच दिसायची.

एका रविवारी आईनं माझं डोकं धुतलं आणि उरलेल्या शिकेकाईत लेकीसारखं रोझीलाही न्हायला घेतलं. दोन तांबे ओतल्यावर केस अंगाला चिकटले. आत नुसत्या बरगड्या होत्या आणि आमच्याकडे बघणारे दोन मोठे डोळे. आईचा हात तांब्यावरच थांबला.

"केसांनी फसवलं गं आपल्याला," ती म्हणाली. मग रोझीला पदरात गुंडाळून तिनं दुधात कुस्करलेली भाकरी बोटानं भरवली.

रोझी जगली, पुढं बरीच वर्षं. लग्न होऊन मी खोपोलीला आले. फोनवर आई रोज "जेवले गं" म्हणायची. सणाला भेटायची तेव्हा अंगावर लुगडं, त्यावर जाड शाल. मला ती भरलेलीच दिसायची.

शेवटच्या आजारात मी तिला पहिल्यांदा अंघोळ घालायला बसवलं, आणि माझाही हात तांब्यावरच थांबला.