राजे पुसणारी मावशी

आमच्या मावशीने जन्मभर राजे पुसले. संग्रहालयाच्या ज्या दालनात देशोदेशीचे राजे आणि देव उभे आहेत, तिथली साफसफाई तिच्याकडे होती. कुठला वंश कुणानंतर आला, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. रोमचा ऑगस्टस तिच्या लेखी 'कानात धूळ धरणारा', इजिप्तचा रामसेस 'स्टूल लागणारा', आणि असिरियाचे दाढीवाले राजे म्हणजे डोक्याला ताप, कारण दाढीच्या एकेका वळणात ब्रश घालावा लागे. बाबिलोनच्या इश्तार देवीवर मात्र तिचा जीव होता. "निमूट पुसून घेते बाई," म्हणायची.

नियम एकच होता. दगडाला उघडा हात लावायचा नाही. हाताचा घाम मुरतो आणि डाग पडतो. इतक्या वर्षांत मावशीने एकाही चेहऱ्याला उघडं बोट लावलं नाही. काका, म्हणजे तिचे यजमान, तिची फिरकी घेत. "अगं, त्या रामसेसचं एवढं करतेस, मी काय तुझं घोडं मारलंय?" मग मावशी त्यांच्या पाठीत धपाटा घाली. तेव्हा हातात मोजे नसत.

पुढे काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मावशी रडली नाही की घाबरली नाही. मला विचाराल तर ती त्याच दिवशी आतून बंद झाली. कामावरून यायची, कोपऱ्यातल्या खाटेपाशी बसायची, रबरी मोजे चढवायची आणि काकांना पुसायला घ्यायची. आधी कपाळ, मग कान, मग मान. वरून खाली, दालनातल्यासारखंच. कामात खोट काढायला जागा नव्हती, आणि तरी ते बघून माझं डोकं फिरायचं.

काकांचा डावा हात तेवढा हलत असे. पुसणं चाललं, की त्या हाताने ते तिच्या मोज्याचं बोट धरून ओढत.

"रबर टोचतंय वाटतं यांना," मावशी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कामावरचे सुती मोजे घेऊन आली. काकांनी तेही ओढले. मग तिने आणखी मऊ आणले.

शेवटी मला राहवेना. "मावशी, मोजा टोचत नाहीये त्यांना. तुझा हात हवाय."

तिने फडकं पिळलं. "हाताचा घाम लागतो गं," म्हणाली आणि मान पुसू लागली. मी कपाळावर हात मारून घेतला. काकांनी पुन्हा मोज्याचं बोट धरलं होतं.

काका गेले ते एका सकाळी, ती स्वयंपाकघरात चहा ठेवत असताना. मी पोचले तेव्हा मावशी रोजच्यासारखीच खाटेपाशी बसली होती, मोजे घालून, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून. कपाळ झालं, कान झाले. मग ती थांबली. हात त्यांच्यापुढे तसाच धरून ठेवला तिने. रोज इथेच ते ओढायचे.

कुणी ओढलं नाही.

तिने स्वतःच एकेक बोट ओढून मोजा काढला आणि उघडा तळवा त्यांच्या गालावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"गार लागतोय गं," ती म्हणाली. "दालनातले सगळे हाताला असेच लागत असतील."

मग तिने दुसरा मोजाही काढला.