निदण कोणाला म्हणायचं

अक्का, माझी थोरली बहीण, लग्न होऊन लातूरला गेली आणि तिथल्या एका नव्या प्रार्थनामंडळीत रमली. नांदेडच्या आमच्या चर्चमध्ये लहानपणी झालेला बाप्तिस्मा तिथं चालेना. तिनं पाण्यात बुडून पुन्हा घेतला. ही बातमी तिच्याआधी नांदेडला पोचली.

त्या रविवारी ती माहेरी आली होती, माझ्या शेजारी बसली. पाळकांनी येशूनं सांगितलेला गव्हातल्या निदणाचा दाखला घेतला. निदण म्हणजे गव्हासारखंच दिसणारं तण, वैरी गुपचूप पेरून जातो ते; मालक म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. "पहिल्या मंडळ्यांत पाखंड असंच शिरलं," पाळक म्हणाले. माना आमच्या बाकाकडं वळल्या. माझे कान तापले. पुढं प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचे पेले वाटणाऱ्या मंडळीच्या पंचानं अक्काला वगळलं आणि पेला माझ्या हातात दिला. मी प्यालो.

घरी जेवायला बसलो. मी सध्या धर्मशास्त्र शिकतोय, तेच काढलं. "चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत असाच वाद झाला होता, अक्का. छळाला भिऊन काही धर्मगुरूंनी शास्त्राच्या पोथ्या रोमी सरकारच्या हवाली केल्या. एक गट म्हणे, असल्यांचा बाप्तिस्मा खोटा, पुन्हा घ्या. दाखल्यातलं शेत म्हणजे जग, मंडळी नव्हे; मंडळीत तण नकोच. दुसरा गट म्हणे, मंडळीतही तण असणारच, कापणीपर्यंत उपटू नका."

"मग दुसरे बरे की."

"पण पुढं त्यांनीच पहिल्यांवर सरकारचा बडगा आणवला."

"म्हंजे कापणीपर्यंत कोणीच थांबलं न्हाई." तिनं ताटातली भाकरी बाजूला सारली. "आमच्याकडं बी हाच दाखला सांगतात. तिथं निदण तुम्ही हाव. बुडून बाप्तिस्मा न घेतलेले."

"तू ऐकून घेतलंस?"

"न्हाई. माझ्या माय-बापाला बोलून राहिले होते. उठून बाहेर आले."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "वरण वाढू का अजून?"

दुपारच्या बसनं ती गेली. आता ती रविवार सोडून येते. पंचांना, पाळकांना मी जाब विचारायला हवा होता. अजून गेलेलो नाही. दर रविवारी त्यांना हात जोडून नमस्कार करतो आणि तेही हसून ख्यालीखुशाली विचारतात.