कोरड्या विहिरीचा फोटो

घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेवक होतो, तेव्हा उन्हाळाभर माझं मुख्य काम म्हणजे विहिरीचे फोटो काढणं. निर्णय ऐकीव गोष्टींवर नको, माहितीवर घ्यायचे, असं वर ठरलं होतं आणि माहिती म्हणजे फोटो. ॲपमध्ये फोटो टाकला की ठिकाण आणि वेळ आपोआप उमटायची. ग्रामसेवकाच्या बोलण्यावर कुणी विसंबून राहायची गरजच उरली नव्हती, आणि याचा वरच्यांना फार आनंद होता.

गावची विहीर उन्हाळा लागायच्या आतच आटली होती. टँकर रोज सकाळी यायचा आणि सगळं पाणी विहिरीत सोडायचा. मग ज्याला जमेल तसं त्याने दिवसभर शेंदून न्यायचं. विहिरीलगत एक म्हातारी एकटीच राहायची. तिला ही पद्धत फार सोयीची. गर्दीत उभं राहणं तिच्या गुडघ्यांना झेपत नसे. लोक पांगले की ती दुपारी यायची आणि लहानशा बादलीने, मधे मधे दम खात, आपल्यापुरतं पाणी काढायची.

टँकर आल्याचा पुरावा म्हणून मी टँकर रिकामा झाल्यावर विहिरीचा फोटो टाकत असे. एके दिवशी टँकर आलाच नाही. चालकाला फोन केला.

"भाऊसाहेब, तुमच्या गावाचं नाव कटलंय," तो म्हणाला. "हिरीला पाणी हाय म्हणं."

मी तालुक्याला गेलो. टंचाईचं काम बघणारे साहेब सज्जन माणूस. त्यांनी आधी चहा मागवला, मग संगणकावर मला माझेच फोटो दाखवले.

"पाणी दिसतंय का न्हाई?"

"दिसतंय. पण ते तुमच्याच टँकरचं आहे, साहेब."

"मला पटतंय हो. पण तसं लिहायला ॲपमधी रकाना कुठंय? जिल्ह्याला फोटो जातो, तुम्ही न्हाई जात."

मग उपायही त्यांनीच सांगितला. कोरड्या विहिरीचा फोटो टाका, टँकर सुरू होईल.

"आणि टँकर आल्याचा फोटो?"

"तो बी लागतो. त्याच्याशिवाय ठेकेदाराचं बिल कसं निघंल?"

म्हणजे टँकर येतो म्हणून विहिरीत पाणी दिसायला हवं होतं आणि टँकर यावा म्हणून ते दिसायला नको होतं. संताप आला होता, पण कुणावर काढावा ते समजेना. समोरच्या माणसाने तर चहा पाजला होता.

टँकर बंद असल्यामुळे विहीर कोरडी व्हायला काही कष्ट पडले नाहीत. फोटो गेला, गावाचं नाव परत आलं. मग सरपंचबाईंनी कायमचा तोडगा काढला. "पाणी हिरीत सोडायचंच न्हाई. ज्यानं त्यानं पिपं आणायची आन् टँकरवरूनच भरून घ्यायची." टँकरभोवतीच्या झुंबडीचा फोटो बिलासाठी, विहिरीचा फोटो टंचाईसाठी. साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ग्रामसेवकांच्या ग्रुपवर सगळ्या गावांना तसंच करायला सांगितलं. माझं नाव घेऊन कौतुक केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पुढे एका दुपारी मी फोटो काढायला गेलो, तर म्हातारी कठड्याशी उभी होती. सकाळच्या रेटारेटीत तिला जेमतेम एक घागर मिळाली होती आणि ती संपली होती. तरी सवयीने तिने बादली आत सोडली होती. बादली तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज मला लांबूनच आला. माझ्या हातातला मोबाइल पाहून ती घाईघाईने दोर ओढू लागली.

"मावशी, दमानं. आत पाणी न्हाई."

"ठावं हाय, भाऊसाहेब. बादली काढून घेऊन राह्यले. तुमच्या फोटूत दिसली आन् टँकर बंद पडला, तर लोकं मला बोलतील."

ती बादली घेऊन कठड्यापासून लांब जाऊन उभी राहिली, सावलीसुद्धा मधे येऊ नये इतकी लांब. मी फोटो काढला.

"आला का बराबर?" तिने विचारलं.

"आला," मी म्हणालो.