मोहाखालचा पाला

टोकावड्याला एसटीतून उतरले आणि जळक्या पाल्याचा वास नाकात शिरला. फाल्गुनात सिद्धगडाच्या उतारांवर हा धूर दिवसदिवस रेंगाळतो. इथल्यांना त्याचं काही वाटत नाही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जाते.

मावशीमुळे. ती गडाच्या पायथ्याच्या पाड्यात राहायची. अंगाने किडकिडीत, तोंडाने फटकळ. मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा वाळका पाला पेटवून द्यायची आमच्याकडची जुनी रीत. पण आग काही वेचणाऱ्याचं ऐकत नाही. ती उतार चढून जाते आणि कोवळी पालवी, रानफळांची रोपं, भेकरांच्या तोंडचा सगळा घास करपवते. मावशी पाला कधी जाळत नसे, खराट्याने झाडून काढी. वरच्या अंगाला पडलेली फुलंही ती वेचत नसे. ती भेकरांची. एवढंसं लाजरं हरीण, पण मावशीच्या मोहाखाली माहेरी आल्यासारखं चरायचं.

एका वर्षी ऐन माघात अवकाळी पाऊस कोसळला आणि मोहाच्या कळ्या कुजल्या. पडतील ती चार फुलं पाल्यात हरवू नयेत, म्हणून शेजारी काडेपेटी घेऊन आला. मावशी सरळ पाल्यात फतकल मारून बसली.

“उठा वयनी. आमी काय आजच जाळतो का?”

“जाळ की! मी हितंच बसलेय. ती भेकर गाभण हाय, तिनं काय राख खायाची का रे?”

तो पुटपुटत काडेपेटी खिशात घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको खराटा मागायला आली, तेव्हा मावशी पोट धरून हसली होती.

आता मावशी नाही. ऋतूंचंही वेळापत्रक विस्कटलंय. यंदा धड थंडी पडली नाही, मोहाला भलत्याच वेळी पालवी फुटली आणि फूल धरलंच नाही. तरी सवयीने पाला पेटवणं चालूच आहे. हवामानापुढे माणसाचं काही चालत नाही, असं आसनगावचे माझे शेजारी मला समजावतात. नसेल चालत. पण म्हणून काडीही आपणच ओढायची?

सुट्टी टाकून आले होते. मावशीच्या मोहाखाली पदर खोचला आणि कुणी काडी लावायच्या आत पाला झाडायला लागले. वाटेने जाणारी एक बाई थबकली.

“यंदा फुलं कुठं पडली गो? मंग झाडतेस कशाला?”

“फुलांसाठी नाय,” मी खराट्यानेच वरचा उतार दाखवला. “भेकरं अजून हायेत ना!”